सकळ लिपी आणि संदर्भांची पेटी

फलटणचे नाव निघाले की बहुतेकांस नाईक-निंबाळकरांचे संस्थान आठवते, सईबाईंचे माहेर आठवते, नाहीतर आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा इथला मुक्काम. महानुभावांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने पूज्य आहे. त्यांच्या पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी यांचा जन्म इथे जनकनायक आणि जनकाइसा या दांपत्याच्या पोटी झाला, अशी पंथाची श्रद्धा आहे. जुन्या पोथ्यांत गावाचे नाव फलेठाण असे येते. आजही बाणगंगेच्या काठच्या या गावात दूरदूरचे महानुभाव यात्रेकरू दिसतात, आणि दक्षिण काशी हे त्याचे पंथातले बिरुद त्यांच्या तोंडी सहज असते.

फलटण आणि महानुभाव या विषयावर आजवर जे लिहिले गेले, त्याची एक संदर्भसूची करावी म्हणून आम्ही काही मित्र मध्यंतरी एकत्र बसलो. काम लहान वाटले होते. पण पहिल्याच बैठकीत प्रश्न उभा राहिला तो नोंदी ठेवायच्या कशात याचा. वही, कार्डे, संगणकावरचा साधा तक्ता, की संदर्भांचे व्यवस्थापन करणारी एखादी प्रणाली? आणि प्रणालीच घ्यायची तर कोणती? हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, असे समजून आम्ही तो अर्ध्या तासात उरकणार होतो. तसे झाले नाही. थोडा विचार करताच ध्यानात आले, की ज्या पंथाची सूची आम्ही करू पाहत होतो, त्या पंथाने हाच प्रश्न सातशे वर्षांपूर्वी हाताळला होता. काही बाबतींत त्याने तो आमच्यापेक्षा चांगला सोडवला होता. त्याच्या एका निर्णयाची किंमत मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला पाच शतकांहून अधिक काळ मोजावी लागली. म्हणून आधी थोडा इतिहास, आणि मग प्रणालींची गोष्ट.

म्हाइंभटांची रीत

श्रीचक्रधर उत्तरापंथे गेल्यानंतर त्यांचे अनुयायी ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. स्वामींच्या आठवणी तोंडोतोंडी फिरत होत्या, आणि त्या आठवणाऱ्या माणसांचे वय वाढत होते. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी त्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यांची रीत अशी, की जी लीळा ज्याच्या समक्ष घडली त्याला गाठावे, त्याच्याच तोंडून ती ऐकावी, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यावी. साक्षीदार गावोगाव विखुरलेले होते, आपापल्या कामाधंद्यात गुंतलेले होते. त्यांच्या सवडीने, त्यांच्या दारी जाऊन हे काम झाले. लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण शाळेत पाठ करतो. तो पद्धतशीर संदर्भसंकलनाचाही एक आद्य नमुना आहे, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. खालशाच्या, म्हणजे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करण्यात आली. स्मरणे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा, परशरामबासांचा, पिढीपाठ अशी त्यांची नावे आहेत. इथे पंथाने जे केले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. सगळे पाठ एकत्र घोटून एकच गुळगुळीत संहिता करण्याऐवजी, अमुक तपशील अमक्याच्या स्मरणात असा आहे, याची नोंद त्यांनी पोथीतच ठेवली. अशा भिन्न पाठाला त्यांच्या परिभाषेत ‘वासना’ म्हणतात. आजच्या संशोधकाच्या तळटीपेचेच हे काम होय. माहिती काय आहे, हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणाकडून आली हेही, ही जाणीव त्यामागे स्पष्ट दिसते.

एवढ्यावर ही मंडळी थांबली नाहीत. केशिराजबासांनी लीळांमधून स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. वचन आपल्या प्रसंगापासून सुटले की त्याचा अर्थ भरकटतो, हा धोका पुढच्यांच्या ध्यानात आला असावा. म्हणून ‘प्रकरणवश’ नावाचा एक प्रकार निर्माण झाला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे तो सांगतो. स्थानपोथीत स्वामी जिथे जिथे राहिले त्या स्थळांच्या नोंदी आहेत. अन्वयस्थळात गुरुशिष्यपरंपरांच्या नोंदी आहेत. वचनाकडून प्रसंगाकडे, प्रसंगाकडून स्थळाकडे, आणि कथनाकडून ते सांगणाऱ्याकडे जाण्याच्या वाटा त्यांनी बांधून ठेवल्या होत्या. आज संगणकावर ‘संबंधित नोंदी’ जोडताना आम्ही दुसरे काय करतो?

कुलूप

चौदाव्या शतकात मात्र पंथाने दुसरा एक निर्णय घेतला. ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहावयाचे ठरले. त्यांतली प्रमुख ती सकळ लिपी. परंपरा तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे देते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, आणि वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी संक्षेप, अशी तिची साधारण रचना आहे. पुढे सुंदरी, वज्र, अंक अशा आणखीही लिप्या आल्या. कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी परकीयांच्या भयाकडे बोट दाखवतात, कोणी स्वकीयांच्या विरोधाकडे, तर कोणी पवित्र वचन अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये या भावनेकडे. कारण कोणतेही असो, त्या काळी ते सबळ असले पाहिजे. पोथ्या जपल्या गेल्या, पुन्हा पुन्हा नकलल्या गेल्या, मठांतून वाचल्याही गेल्या. म्हणजे आतल्या माणसांपुरती ती व्यवस्था उत्तम चालली.

परिणाम बाहेर झाला. एकोणिसाव्या शतकात मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिण्यास जेव्हा सुरुवात झाली, तेव्हा हा सगळा साठा इतिहासकारांच्या दृष्टीने जवळजवळ नव्हताच. यादवकाळात मराठी गद्य कसे होते, सामान्य स्त्रीपुरुष कसे बोलत, काय खात, कशावरून भांडत, याचा सर्वांत जिवंत पुरावा शेकडो पोथ्यांत बंद होता. पोथी समोर उघडी असली तरी बाहेरच्या माणसाला ती वाचता येत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. पुढे काही महंतांनीही मन मोठे करून अभ्यासकांना साहाय्य केले. मग वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या पुढील आवृत्तीत महानुभावांना स्थान मिळाले, य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली आले, आणि ह. ना. नेने यांनी १९३० नंतरच्या दशकात लीळाचरित्राचे भाग छापावयास घेतले. मराठी गद्याचा आरंभबिंदू मागे सरकला तो त्यानंतर.

या हकिकतीत कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. लिपीची किल्ली ठरावीक लोकांच्या हाती असली, की ते लोक आहेत तोवरच मजकूर जिवंत राहतो, एवढेच यातून घ्यावयाचे आहे. महानुभावांच्या बाबतीत किल्ली सांभाळणारी परंपरा टिकून होती, हे मराठीचे भाग्य.

कार्डे आणि ट्रंका

राजवाडे स्वतः दप्तरे धुंडाळत गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. त्यांनी जमवलेले बरेचसे साहित्य त्यांच्या निधनानंतर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आले, म्हणून ते आज पाहता येते. एकट्या माणसाच्या टिपणांना पुढे संस्थेचा आसरा मिळाला तरच ती टिकतात, हा धडा त्यात आहेच.

मुद्रित ग्रंथांच्या सूचीचे काम शंकर गणेश दाते यांनी केले. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची त्यांची वर्गीकृत सूची दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रसिद्ध झाली. दुसऱ्या भागात त्यांनी ती १९५० पर्यंत आणली. मराठी नियतकालिकांच्या सूचीच्या कामाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. ज्यांनी ‘दाते सूची’ कधी चाळली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको, की एका माणसाच्या चिकाटीने अख्ख्या भाषेवर केवढे उपकार होऊ शकतात. एखादे पुस्तक कधी, कुठे, कोणी छापले, याचे उत्तर मिळण्याची पहिली जागा आजही तीच आहे.

महानुभावांपुरते बोलावयाचे तर आणखी एका सूचीचा उल्लेख केलाच पाहिजे. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत मराठी शिकवणारे इयन रेसाइड यांनी १९६० साली त्या संस्थेच्या बुलेटिनच्या तेविसाव्या खंडात महानुभावीय मराठी ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली. चाळीसएक पानांचा तो लेख आहे. तोवर वेगवेगळ्या याद्यांत एकाच ग्रंथाची दोन-दोन नावे, एका नावाचे दोन-दोन ग्रंथ, असा गोंधळ होता. त्या रानातून वाट काढण्याचे पहिले मोठे काम तिथे झाले. अ‍ॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या पुढच्या संशोधकांना ही वाट उपयोगी पडली.

परदेशी अभ्यासक आणि फलटण यांचे नातेही जुने आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमधील बोलीभेदांवर आपला प्रबंध लिहिला, त्या इथेच स्थायिक झाल्या, आणि फलटणच्याच जाई निंबकर यांच्यासह त्यांनी १९७५ साली मराठीचे एक संदर्भ-व्याकरण सिद्ध केले. तेव्हा फलटणवरची संदर्भसूची म्हणजे मराठी, इंग्रजी, देवनागरी, रोमन, शके, इसवी, हस्तलिखित, मुद्रित असा सगळा संमिश्र बाजार. आमच्यापुढचा पेच हा असा होता.

प्रणालींची वंशावळ

आता प्रणालींकडे वळू. यांतली सर्वांत जुनी आणि अजून जोमात असलेली म्हणजे बिबटेक. ओरेन पताश्निक यांनी ती १९८५ च्या सुमारास लेटेकच्या जोडीसाठी रचली. तिच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. ती फाइल कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या संपादकात उघडते आणि माणसाला वाचता येते. तिच्या पुढच्या पिढीतील बिबर हा कार्यक्रम युनिकोडही जाणतो आणि भाषेनुसार अनुक्रमही लावतो. पण लेटेक शिकण्याची तयारी गणितज्ञांची असते. मराठी वाङ्मयाच्या प्राध्यापकांना ती सक्तीने शिकवणे म्हणजे अनुष्टुभ रचता येत असेल तरच पत्र लिहा म्हणण्यासारखे आहे.

दुसरी एंडनोट. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ती बाजारात आहे. समर्थ आहे, विज्ञानशाखांत रुळलेली आहे, पण विकत घ्यावी लागते. विद्यापीठाने घेऊन दिली तर ठीक. निवृत्तीनंतर काय, हा प्रश्न मागे उरतो. मानव्यविद्येच्या अभ्यासकाचे खरे काम पुष्कळदा निवृत्तीनंतरच सुरू होते, हे प्रणाली विकणाऱ्यांच्या गावी नसते.

तिसरी झोटेरो. ही २००६ च्या ऑक्टोबरात प्रकट झाली, आणि तिची जन्मकथा आमच्या विषयाला विशेष जवळची आहे. ती काढली इतिहासकारांनी. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात रॉय रोझेन्झ्वाइग यांनी १९९४ साली इतिहास व नव्या माध्यमांचे केंद्र स्थापले होते, तिथे ती घडली. प्रारंभी ती फायरफॉक्स न्याहाळकाची पुरवणी होती. पुढे स्वतंत्र कार्यक्रम झाली. ती विनामूल्य आहे, आणि तिची संहिता सर्वांस खुली आहे. इतिहासकारांच्या हातची असल्यामुळे हस्तलिखित, पत्र, मुलाखत, नकाशा हे प्रकार तिच्यात पहिल्यापासून मानाने बसले आहेत. दप्तरखान्याचे नाव आणि तिथला क्रमांक यांसाठी निराळे रकाने आहेत.

२००८ च्या सप्टेंबरात एंडनोटच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, थॉमसन रॉयटर्सने, झोटेरोवरून दावा लावला. एंडनोटच्या संदर्भशैलींच्या फाइली झोटेरोने वाचू शकाव्यात, हा त्यातला वादाचा मुद्दा होता. २००९ मध्ये दावा निकालात निघाला आणि झोटेरो चालू राहिली. वरवर पाहता हे व्यापारी भांडण. पण आम्ही फलटणच्या बाजूने पाहिले तेव्हा वाटले, की वाद लिपीच्या किल्लीचाच आहे. माहिती ज्या रूपात बांधली, त्या रूपावर मालकी कोणाची?

चौथी मेंडली. २००८ साली लंडनमध्ये ती सुरू झाली आणि तरुण संशोधकांत झपाट्याने पसरली. २०१३ साली एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने ती विकत घेतली. २०१८ मध्ये तिच्या एका आवृत्तीपासून वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावरील नोंदींचे कोठार कूटबद्ध होऊ लागले. कंपनीने कारण सुरक्षिततेचे दिले. नोंदी निर्यात करण्याची वाट उघडी होती, पण वर्गवारी आणि पानांवरच्या टिपा तितक्या सहज बाहेर येत नसत. २०२२ मध्ये जुना कार्यक्रम उतरवून घेण्याची सोयही थांबली आणि त्याच्या जागी नवा आला. सकळ लिपीची आठवण आम्हांस झाली ती इथे. हेतू चांगला असेल. पण आपल्याच घरातली, आपणच लिहिलेली पोथी उघडावयास दुसऱ्याची अनुमती लागावी, हे अभ्यासकाला परवडणारे नाही.

आमची स्वतःची सकळ लिपी

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आमच्या घरची गोष्ट सांगणे बरे. आमच्यापैकी एकाने १९९० नंतरच्या दशकात जवळजवळ सातशे नोंदी संगणकावर टंकित केल्या होत्या. तेव्हा मराठीसाठी निरनिराळे फॉन्ट मिळत, आणि प्रत्येकाचा अक्षरसंकेत वेगळा असे. युनिकोड आले होते, पण आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. दहा-बारा वर्षांनी नव्या संगणकावर त्या फाइली उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरे, चिन्हे आणि आकडे यांची रांगोळी. फॉन्ट मिळेना, तो बसवून देणारा व्यावसायिक धंदा बंद करून गेलेला. रूपांतर करणारी साधने वापरून पाहिली. रफार उडाले, ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षरावर चढल्या, जोडाक्षरे फुटली. अखेरीस सुदैवाने कागदावर छापून ठेवलेली एक प्रत सापडली, आणि तीवरून सातशे नोंदी पुन्हा टंकित झाल्या. महानुभावांनी कुलूप जाणूनबुजून घातले होते. आम्ही नकळत घातले, आणि किल्ली सांभाळणारा एकही महंत मागे ठेवला नाही.

तेव्हापासून आमच्या मंडळात पहिली अट ठरलेली आहे. मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे, आणि संपूर्ण संग्रह केव्हाही साध्या, उघड रूपात बाहेर काढता आला पाहिजे. ही अट न पाळणारी प्रणाली कितीही देखणी असली तरी आमच्यासाठी बाद.

मराठीची कसोटी

या अटीतून बिबटेक आणि झोटेरो उरल्या, आणि वर सांगितलेल्या कारणास्तव आम्ही झोटेरोकडे झुकलो. पण मराठीच्या कसोटीवर तिचीही परीक्षा घेणे भाग होते. ती परीक्षा इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण प्रत्यक्ष कामात अडचणी इथेच येतात.

पहिली अडचण नावांची. प्रणाली विचारते, आडनाव कोणते आणि नाव कोणते? वि. भि. कोलते यांच्याबाबत उत्तर सोपे आहे. म्हाइंभटांचे आडनाव काय सांगणार? केशिराजबासांचे? झोटेरोत नावाचे दोन रकाने मिटवून एक करता येतात. संतांची, बासांची, महंतांची नावे अशी एकाच रकान्यात लिहावीत. नाहीतर सूचीत ‘बास, केशिराज’ असे काहीतरी छापून येते आणि सारा पंथ हसतो.

दुसरी अडचण कालाची. लीळाचरित्राची कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली काढली. यांत्रिकपणे नोंद केली की संदर्भ उमटतो ‘म्हाइंभट १९७८’. म्हणजे म्हाइंभट आणीबाणीनंतरचे लेखक ठरतात. यावर तोड अशी, की झोटेरोतील अतिरिक्त माहितीच्या रकान्यात मूळ काल निराळा नोंदवता येतो, आणि ज्या शैली तो ओळखतात त्या दोन्ही साले छापतात. जुन्या ग्रंथांवर केवळ शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषानंतरच्या महिन्यांत पुष्कळदा ७९. तारखेच्या रकान्यात इसवी सन भरावा, आणि मुखपृष्ठावरचा शक जसाच्या तसा अतिरिक्त रकान्यात ठेवावा. रूपांतर आपले, शक ग्रंथाचा. दोन्ही दिसले पाहिजेत.

तिसरी अडचण आवृत्त्यांची. नेने, तुळपुळे आणि कोलते यांच्या आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक सारखे नाहीत. नुसते ‘पूर्वार्ध, लीळा अमुक’ लिहून भागत नाही. प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र नोंद करावी, त्या एकमेकींशी जोडाव्यात, आणि टिपणात आवृत्तीचे नाव कधीही गाळू नये. आम्ही एका जागी गाळले आणि एक अख्खा रविवार ती लीळा शोधण्यात घालवला.

चौथी अडचण लिप्यंतराची. आयएसबीएन टाकला की पुस्तकाची माहिती आपोआप यावी, ही सोय इंग्रजी पुस्तकांसाठी छान चालते. मराठीच्या बाबतीत जुन्या पुस्तकांना तो क्रमांक नसतोच, आणि नव्यांची माहिती मिळालीच तर पुष्कळदा परदेशी ग्रंथालयांच्या रोमन लिप्यंतरात मिळते. त्यात उच्चारात नसलेला मधला अकारही लिहिलेला असतो. कोलते तिथे ‘कोलाते’ वाचले जाण्याचा संभव. शिवाय फलटण, फलेठाण आणि रोमनमधले फलटण अशी एकाच गावाची तीन रूपे. शोध घेताना एक सापडते तेव्हा दोन निसटतात. आम्ही यावर साधा उपाय केला. मूळ नोंद ग्रंथाच्या लिपीत, आणि खुणेच्या शब्दांत तिन्ही रूपे. जपानातील नागोया विद्यापीठातील फ्रँक बेनेट यांनी झोटेरोवरच एक बहुभाषिक कलम करून एका रकान्यात अनेक लिप्या ठेवण्याची सोय केली होती, हेही नमूद केले पाहिजे. कल्पना उत्तम होती, पण मूळ कार्यक्रमाच्या गतीबरोबर तिला धावता आले नाही, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यास आम्ही ती सुचवणार नाही.

पाचवी अडचण अनुक्रमाची. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल च्या शेजारी बसले आहे. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते, आणि क्ष, ज्ञ अखेरीस. म्हणून यंत्राने लावलेला क्रम छापण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घालावाच. ‘संपा.’, ‘आणि इतर’ यांसारखे शब्द मराठीत यावेत यासाठी शैलीच्या फाइलीत बदल करता येतो. त्या फाइलींची भाषा खुली आहे, आणि तयार शैली दहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतली जवळची घेऊन मराठीसाठी वळवणे हे कोणा जाणकार विद्यार्थ्याचे दोन दिवसांचे काम.

हस्तलिखितांची छायाचित्रे काढून आणणाऱ्यांनी त्याच केंद्रातून २०१७ साली निघालेली ट्रोपी ही प्रणालीही पाहावी. पोथीच्या शंभर छायाचित्रांची एक नोंद करणे, प्रत्येक पानावर टीप लिहिणे, हे तिच्यात सुखाने होते. मोबाइलमध्ये पडून राहिलेली छायाचित्रे म्हणजे वासनेचे नाव न लिहिलेली लीळा. कुठली पोथी, कोणाच्या संग्रहातली, हे सहा महिन्यांत आपणच विसरतो.

प्रतींचा धर्म

एवढे झाल्यावर वाचक विचारतील, मग झोटेरो घेतली की सुटलो? तसे नाही. झोटेरोचे कोठार आज खुले आहे, तिच्यामागची संस्था आज नफ्यासाठी चालत नाही. उद्याचे कोणी सांगावे? शिवाय दोन संगणकांवरच्या नोंदी परस्पर जुळवून ठेवण्याची तिची सोय म्हणजे राखीव प्रत नव्हे. इथे चुकून पुसलेली नोंद तिथेही आज्ञाधारकपणे पुसली जाते. विनामूल्य मिळणारी जागाही ३०० एमबीच आहे. नोंदींना ती भरपूर, पण स्कॅन केलेल्या दोन-चार पोथ्यांनी भरून जाते.

म्हणून आम्ही जे ठरवले ते असे. रोजचे काम झोटेरोत. दर महिन्याला संपूर्ण संग्रहाची बिबटेक रूपातली निर्यात, म्हणजे साधा वाचनीय मजकूर, तिघांच्या घरी तीन ठिकाणी. वर्षातून एकदा छापील प्रत, बांधून. छापील प्रतीला आमच्यातले तरुण हसले, पण सातशे नोंदी कशाने वाचल्या याची त्यांना आठवण करून दिल्यावर गप्प बसले. आणि प्रत्येक नोंदीत एक ओळ सक्तीची: हा ग्रंथ आम्ही स्वतः पाहिला, की कोणाच्या सूचीवरून घेतला? पाहिला नसेल तर दाते, रेसाइड, जे असेल ते नाव. ही ओळ कोणत्याही प्रणालीच्या रकान्यांत आयती मिळत नाही. ती आम्ही वासनेवरून घेतली.

सूची अजून पुरी व्हावयाची आहे. परवा तिच्यापैकी एका नोंदीसाठी फलटणला गेलो होतो. एका वयोवृद्ध महानुभाव गृहस्थांनी बासनातून पोथी काढली, कपाळाला लावली, आणि सकळ लिपीतले पान अडखळत नव्हे तर सरळ, आपण वर्तमानपत्र वाचतो तसे वाचून दाखवले. मग आम्हांस विचारले, “हे तुमच्या यंत्रात कसं लिहिणार?” आम्ही सांगितले, की पोथी सकळ लिपीत आहे अशी नोंद करू, आणि तुम्ही वाचलेला पाठ देवनागरीत शेजारी ठेवू. त्यांनी थोडा वेळ विचार केला. म्हणाले, “मग कोणी वाचला तेही लिहा.” आम्ही लिहिले.